कांबळे सरांची कांडी

कांबळे सर चहाच्या आधी कप धुतात. हॉटेलवाल्यानं धुतलेला कप! हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाड्यांच्या कलकलाटात उभं राहून बाटलीतल्या पाण्यानं तो विसळतात, उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "मत्तोम्मे!" म्हणजे पुन्हा एकदा. हॉटेलवाला चिडतो. मीही चिडते.

मी धारवाडला त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. गेली कित्येक वर्षं या माणसानं माझं डोकं खाल्लंय. उत्प्रेरक हा त्यांचा विषय. रासायनिक क्रिया भरभर घडवून आणायची आणि आपण होतो तसंच उरायचं, हे उत्प्रेरकाचं काम. तो उरतो का, ते बघायला तोच पाच वेळा वापरायचा. दर वेळी धुवायचा, वाळवायचा, तोलायचा. धुणार कोण? मी!

"सर, हात सोलपटले माझे."

"मोजे घाल की अक्का. मत्तोम्मे!"

मागच्या वर्षी त्यांचा लोखंडाचा स्वस्त उत्प्रेरक गाजला. शोधनिबंध छापून आला, प्रोफेसरपदाची मुलाखत ठरली, सरांनी नवा शर्ट शिवून घेतला. आणि मुलाखतीला आठवडा उरला असताना या गृहस्थांनी उत्प्रेरक न घालताच प्रयोग करून पाहिला. क्रिया झाली! भांड्यात गरगर फिरून ढवळणारी चुंबकाची कांडी असते ना, तिच्या भेगेत जुन्या प्रयोगातलं पॅलेडियम, म्हणजे महागडा उत्प्रेरक, अडकलं होतं. काम ते करत होतं. लोखंड नुसतंच बसून होतं.

"गप्प बसा सर. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की अक्का."

निबंध मागे घेतला. प्रोफेसरपद गेलं. संताप संताप झाला माझा. भोगा म्हटलं आता आपल्या कर्माची फळं, आणि बोलणंच टाकलं.

मग चौकशी समिती आली. कांड्या कोण धुतं, असं सरांना विचारलं. मी दाराशीच उभी होते. कांडी आधी आम्लात बुडवायची असते. त्या जुन्या प्रयोगानंतर मी कंटाळून साबणावरच भागवलं होतं. माझी नोकरी कंत्राटी, घरात कमावणारी मी एकटी.

"कांड्या मीच धुतो," सर म्हणाले.

आजवर एक कांडी धुतली नव्हती या माणसानं! निबंधात एक आकडा इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस, आणि धडधडीत खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सर मोरीपाशी. नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून कांड्या धूत होते.

"हे काय सर?"

"मीच धुतो म्हणून सांगितलंय की अक्का."

मला रडू आलं, आणि त्यामुळे आणखीच राग आला. त्यांच्या हातातली कांडी हिसकावून घेतली, उजेडाकडे धरली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

"मत्तोम्मे!" मी म्हटलं.