औताडेकाकांचा व्हॉल्व्हचा टीव्ही

औताडेकाकांना काहीही विचारलं की उत्तर यायला मिनिट-दीड मिनिट लागतं. ते बहिरे नाहीत, विसराळू नाहीत आणि गर्विष्ठ तर मुळीच नाहीत. हे मला आज माहीत आहे. पडेगावला राहायला आलो त्या दिवशी माहीत नव्हतं. काका त्यांच्या फाटकाशी उभे होते. मी विचारलं, "काका, इथं नळाला पाणी कधी येतं?" काकांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं. पाहतच राहिले. मी ओशाळून हसलो, माघारी फिरलो, कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि "शेजारी जरा शिष्ट दिसतात" असं बायकोला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कंपाउंडवरून आवाज आला, "आठव्या दिवशी."

काका फोन खात्यातून निवृत्त झालेले. सगळी उमेद व्हॉल्व्हच्या यंत्रांवर गेली. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या चिमुकल्या बाटलीसारखा दिवा. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओ आणि टीव्ही त्यांच्यावर चालत. बटण दाबलं की हे दिवे आधी तापणार, लालसर होणार आणि मग यंत्र बोलणार. काकांना हीच बोलायची योग्य रीत वाटते. "आताची यंत्रं बटण दाबायच्या आत बोलतेत. विचार कवा करतेत?" असं ते मला विचारतात आणि माझ्या मोबाइलकडं दयेनं बघतात. तवा असो, नवा जावई असो की नवा नगरसेवक असो, काकांचा सल्ला एकच: "तापू द्या."

"ह्यांचं तापस्तोवर माझा सैपाक होतो," असं काकू म्हणतात. काकू प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात. त्यामुळं त्या घरात सरासरी बरोबर राहते.

त्यांच्या बैठकीत चार पायांचा, लाकडी खोक्याचा, पुढं सरकतं दार असलेला एक टीव्ही होता. व्हॉल्व्हचा, काळा-पांढरा. कित्येक वर्षं बंद. काकूंनी त्याच्यावर पापडाचे डबे रचले होते. भंगारवाला रफिक दर महिन्याला हातगाडा फाटकाशी लावून विचारायचा, "काकू, वो डब्बा निकाले क्या?" काकू म्हणायच्या, "ह्यांना विचार." रफिक विचारायचा, थोडा वेळ थांबायचा आणि काकांचं तोंड उघडायच्या आत पुढच्या गल्लीत जायचा.

यंदा मात्र मुलानं दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं. दोन खोल्यांचा फ्लॅट. काय न्यायचं, काय टाकायचं, याची यादी काकूंनी केली आणि टीव्हीपाशी येऊन थांबल्या.

"मेच्या शेवटच्या रविवारी टेम्पो येणार," त्या म्हणाल्या. "तंवर चालू झाला तर येईल पुण्याला. नाय तर रफिकच्या गाड्यावर. बंद लाकूड घेऊन मी सुनंच्या घरात पाय ठेवणार नाय."

काका बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिले. मग उठून पापडाचे डबे एकेक करून खाली उतरवू लागले. त्यांचं उत्तर ते होतं.

आता माझी भूमिका. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते कुणा अडाण्याच्या हातून घडलेलं नाही. वीस वर्षं मी फळ्यावर व्हॉल्व्हची आकृती काढत आलोय. खरा व्हॉल्व्ह मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

काकांनी टीव्हीची मागची बाजू उघडली, फुगलेले कंडेन्सर बदलले, आतली कोळिष्टकं ब्रशनं काढली. अकरा व्हॉल्व्ह उपसून त्यांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडले. पहिल्या खळग्यात पहिला, दुसऱ्यात दुसरा. अंड्यांचा ट्रे घरात आला म्हणून काकूंनी आधी त्यावर गोमूत्र शिंपडलं. मग फर्दापूरला भाच्याचं लग्न निघालं. काका-काकू दोन दिवसांसाठी गेले आणि जाताना किल्ली मला देऊन गेले. "नुसतं ध्यान ठेवा, सर," काका म्हणाले. नुसतं हा शब्द मी नीट ऐकायला हवा होता.

ट्रेमध्ये अकरा व्हॉल्व्ह धुळीनं माखून बसले होते. मला त्यांची कीव आली. मी एका घमेल्यात साबणाचं कोमट पाणी केलं, एकेकाला अंघोळ घातली, त्यांचे तारांचे पाय दातांच्या जुन्या ब्रशनं घासले आणि वर्तमानपत्रावर उन्हात वाळत घातले. काय झळकत होते म्हणून सांगू. मी फोटोही काढला.

काका परत आले. त्यांनी व्हॉल्व्हकडं पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

"लई चमकले," काका म्हणाले.

"साधा साबण," मी लाजून म्हणालो.

"नंबर?"

"कसले नंबर?"

मग मला कळलं की प्रत्येक व्हॉल्व्हवर त्याची जात सांगणारा नंबर छापलेला असतो, आणि ती जुनी शाई धुळीबरोबरच निघते. ट्रेमधला क्रम तर मी घमेल्यातच बुडवला होता. काका खुर्चीत बसले.

"सर, तुम्ही काय शिकवता?"

"फिजिक्स."

मिनिटभर शांतता.

"लेकरांना?"

त्या दिवसापासून ते मला 'प्राध्यापकसाहेब' म्हणू लागले. मराठवाड्यात एखाद्याला एकदम साहेब केलं की समजावं, आपलं काही खरं नाही.

पण इलाज त्यांनीच काढला. पुसलेल्या शाईची जागा काचेवर वाफ धरली की क्षणभर उमटते. वाफ कुणाची? अर्थात ज्यानं धुतले त्याची. दोन संध्याकाळी मी एकेक व्हॉल्व्ह तोंडाशी धरून बसलो. "फुंकर नको, प्राध्यापकसाहेब. हाऽऽ करा. पोटातून." मी हाऽऽ करायचो, काका भिंग लावून नंबर टिपायचे. काकू पुस्तकांची खोकी बांधता बांधता डोकावल्या. समोर अंड्यांचा ट्रे, आणि त्यावर वाकलेला मी.

"सर, उबवताय व्हय?" त्यांनी विचारलं. "पिल्लं कवा निघणार, तेवढं सांगा. रविवारी टेम्पो हाय."

सात नंबर वाफेनं दिले. तीन व्हॉल्व्ह काकांनी आतली पत्र्याची ठेवण बघून ओळखले. अकराव्याचा डोक्यावरचा चंदेरी डाग मात्र पांढराफटक पडला होता. मी ज्या उत्साहानं पाय घासले होते, त्यात त्याची काच बुडाशी तडकली होती.

"आत हवा गेली," काका म्हणाले. "हा मेला."

काकूंनी दारातून विचारलं, "मग रफिकला निरोप धाडू?"

मिनिट गेलं. दीड गेलं. पाच मिनिटं झाली. उत्तर आलंच नाही. काका तो मेलेला व्हॉल्व्ह तळहातावर घेऊन नुसते बसले होते, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी, रिकाम्या राहिलेल्या जागेवरून काकांनी काढलेल्या नंबराची चिठ्ठी घेऊन, शहागंजचा बाजार पालथा घातला. एका दुकानदारानं मला दोन वर्षांच्या गॅरंटीचा एलईडी बल्ब दाखवला. दुसऱ्यानं चिठ्ठी वाचून विचारलं, "सर, कौनसी दवा है ये?" घामाघूम होऊन परत आलो, तर फाटकाशी रफिकचा गाडा. निरोप गेला की काय, म्हणून मी धावतच फाटक गाठलं. पण काकूंनी निरोप धाडलाच नव्हता. रफिक त्याच्या ठरलेल्या फेरीला आला होता. मी त्याला माझा सगळा पराक्रम सांगितला आणि तडकलेला व्हॉल्व्ह दाखवला.

"ऐसा बल्ब?" तो म्हणाला. "हौ, घर पे है ना. रेडिओवाले की दुकान बंद हुई, तब का खोका पडा है."

तासाभरानं तो खोका घेऊन आला. चाळीसेक व्हॉल्व्ह, एकही न धुतलेला. त्यात आमचा नंबर निघाला.

"अरे, टीव्ही चालू झाला तर तुला डबा मिळत नाही," मी म्हणालो.

"मालूम है," रफिक म्हणाला. "पर काका हर बार कुछ बोलने को होते, और मैं निकल जाता. मेरेकू बुरा लगता, सर." त्या दिवशी तो मुद्दाम थांबला. काकांनी वेळ घेऊन उत्तर दिलं, "चहा घे."

शनिवारी चार वाजता आम्ही टीव्ही लावला. काकांनी आधी वायरीत शंभरचा बल्ब जोडला, म्हणजे आत काही गडबड असली तर धक्का बल्ब सोसेल. बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी तोंड उघडलं. काकांनी हात वर केला. मग मागच्या बाजूला एक ठिपका लाल झाला, दुसरा झाला, गरम धुळीचा वास सुटला, खरखर ऐकू आली आणि काच हळूहळू उजळली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्याच मुंग्या. चित्र नाही.

"अँटेना," काका म्हणाले. "सर, तेवढं गच्चीवर जाता?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला सर म्हटलं होतं. मी दोन दोन पायऱ्या चढून गेलो. उन्हानं तापलेला पाइप रुमालात धरून अँटेना फिरवायला लागलो. "आलं का?" "अजून थोडं डावीकडं." "आता?" "अजून थोडं." अर्धा तास मी कावळ्यांच्या देखत गोल गोल फिरत होतो. शेवटी घसा सुकला म्हणून पाणी प्यायला खाली निघालो. जिना बैठकीच्या खिडकीवरून उतरतो. आतून काकूंचा आवाज आला, तसा मी थबकलो.

"त्या माणसाला उन्हात कशाला उभं केलंय? ते स्टेशन बंद होऊन वर्षं झाली."

काकांनी वेळ घेतला. "माहितीय."

मी फिजिक्स शिकवतो, हे मी सांगितलंच आहे.

"मग?"

"शरदलाबी असंच पत्र्यावर पाठवायचो."

शरद म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. काकू हसल्या. मग म्हणाल्या, "आणला तवाबी ह्याच मुंग्या होत्या. गावात स्टेशनच नव्हतं. मामंजी दोन दिवस बसले अन् म्हणले, ह्यापरीस चूल बघितलेली बरी. सगळे उठून गेले."

"तू नाय गेलीस."

"नऊ माणसांच्या घरात तुमच्याशेजारी बसायला दुसरी जागा कुठं होती? टीव्ही बघतेत म्हणून कुणी काय म्हणत नव्हतं." मग त्या थांबल्या. "पण तुम्ही तर म्हणला होता, पुढच्या महिन्यात स्टेशन येतंय."

यावर काकांनी फारच वेळ घेतला.

"येणार नव्हतं," ते म्हणाले. "मी फोन खात्यात होतो. मला ठाऊक होतं."

खरखर तेवढी चालू होती. मी खिडकीतून डोकावलो, ते चुकलंच. दोघं सतरंजीवर बसले होते, बांधलेल्या खोक्यांच्या मधे, आणि मुंग्यांकडं बघत होते.

"हे आता सांगता व्हय?" काकू हळू म्हणाल्या.

"रफिकला काय सांगू?" काकांनी विचारलं. "चालू म्हणायचा का बंद?"

"चालूच हाय की," काकू म्हणाल्या. "टेम्पोत कपाटाच्या आधी चढवा. बैठकीत नको म्हणली सून, तर आपल्या खोलीत ठेवू."

मी पाणी न पिताच चपला हातात घेऊन पुन्हा गच्चीवर गेलो. रुमाल गुंडाळला, पाइप धरला आणि जरा वेळानं ओरडलो, "काका, आलं का?"

उत्तर लगेच आलं, आणि ते काकूंचं होतं.

"नाय हो, सर. अजून थोडं डावीकडं."