नानांचं बिनविस्तवाचं जेवण

आमच्या शेजारचे नाना लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा घेऊन बसतात. लापशी आली की हात आडवा, वरण-भात आला की पुन्हा हात आडवा. मग पिशवीतून स्टीलचा डबा निघतो. मोड आलेली मटकी, मुळा, गाजर, भिजवलेले शेंगदाणे. यजमानाला वाटतं, पाहुणा रुसला. तो बिचारा हात जोडून उभा राहतो आणि नाना मटकी चावत त्याला समजावतात, "इस्तू लागला की अन्न मेलं. मेलेलं आमी खात न्हाई."

हे ऐकल्यावर शेजारी बसलेल्याचा घास काही खाली उतरत नाही. मी एकदा हे भोगलं. तेव्हापासून पंगतीत नाना दिसले की मी दुसऱ्या टोकाला बसतो.

नाना मूळचे शेवगावकडचे. जन्मभर एसटी चालवली आणि निवृत्त होऊन केडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. आखाडात मटणाच्या रश्श्यात सगळ्यांच्या आधी भाकरी चुरणारा हा माणूस. तो एकाएकी कच्चं खायला लागला, आणि वर दूध, दही, तूपही सोडलं. "दूध वासराचं हाय. आपला काय संबंध?" असं ते माझ्या दारात, माझ्या हातातल्या चहाकडे बघत म्हणतात. आमच्या सत्यनारायणाला पंचामृतासाठी शेंगदाण्याचं दूध काढून घेऊन आले. गुरुजी म्हणाले, "नाना, हे कुठल्या पोथीत आहे?" नाना म्हणाले, "पोथीत नसंल, पर देवाला पित्त तर हुनार न्हाई." गुरुजींनी तांब्या गुपचूप पाटाखाली सरकवला.

एक दिवस मीच त्यांना कोंडीत पकडलं. नानांच्या गालात गुळाचा खडा होता. म्हटलं, "नाना, गूळ काय झाडाला लागतो? रस कढवूनच होतो की." खडा या गालातून त्या गालात गेला. मग नाना म्हणाले, "गुळाला माफी हाय. उसाच्या जिल्ह्यात ऱ्हायचं तर येवढा मान ठेवावा लागतोय."

हे सगळं सुरू झालं कुसुमवहिनी गेल्यावर. वहिनी म्हणजे नानांची बायको. त्या पावसाळ्यात गेल्या, आणि दिवसकार्य उरकल्यावर नाना मोबाईलवर कुठल्या कुठल्या बाबांचे व्हिडिओ बघायला लागले. गॅसची शेगडी पुसून, वर फडकं टाकून ठेवून दिली. आम्ही म्हटलं, मोबाईलनं माणूस बिघडवला.

वहिनींचा हात सुगरणीचा. वांग्याच्या भरताचा वास भिंतीपलीकडून आला की आमच्या घरातली आमटी मला बेचव लागायची. पण नानांना कधी पसंत पडलं असेल तर शपथ. ते जेवायला बसायचे तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं हातात धरून उभ्या. नाना पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "ठीक हाय, पर मीठ जरा इकडंतिकडं झालंय." ज्या दिवशी नाना काहीच बोलायचे नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी भिंतीवरून माझ्या बायकोला आनंदानं सांगायच्या, "काल काही म्हनले न्हाईत बरं का." तेवढ्यावर बाई आठवडाभर खूश असायची. आम्ही तेव्हा हसायचो.

त्यांची एकुलती लेक मंगल सोनईला दिलेली. आई गेल्यापासून ती डबा घेऊन येते. बाजरीची भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. हात थेट आईचा. नाना डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाहीत. डबा आमच्याकडे येतो, आणि आम्ही ओशाळून का होईना, पण खातो. मंगल माझ्या बायकोपाशी रडते. "काकू, आई गेल्यापासनं नानांनी माझ्या हातचा एक घास खाल्ला नाही. माझ्या हाताला काय विष लागलंय का?"

या जानेवारीत तिनं आम्हा सगळ्यांना शेतावर हुरड्याला बोलावलं. गेल्या गेल्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, आज काहीही करा, पण नानांना माझ्या हातचा गरम हुरडा खायला लावा."

खड्ड्यात गोवऱ्या फुलल्या होत्या. मंगल भाजलेली कणसं हातावर चोळायची, गरम हुरडा पुढ्यात टाकायची. तळवे लालबुंद झाले होते. आणि नाना लांब बांधावर पाठ करून गाजर खात बसलेले. माझं डोकंच फिरलं. जाऊन म्हटलं, "नाना, पुरे झाली ही थेरं. पोरगी हात भाजून घेतीये. एक घास खाल्ला तर काय तुमचा बाबा मोबाईलमधून बाहेर येणार आहे का?"

"बाबाचं काय घेऊन बसला," नाना म्हणाले. "त्यो काय सांगतोय ते मला निम्मं कळत बी न्हाई." मग गाजर खाली ठेवून म्हणाले, "पोरीच्या हाताला तिच्या आईची चव हाय. खाल्लं तर चांगलं झालंय म्हनावं लागंल. जे तिला जन्मात म्हनलो न्हाई, ते हिला कोणत्या तोंडानं म्हनू? कच्चं बरं. कुनी रांदलेलं नसतंय, कुनाला काय म्हनायचं नसतंय."

मी वळून बघितलं तर मागं मंगल उभी. हातात गरम हुरड्याची ताटली. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं ताटली माझ्या हातात दिली, पिकात शिरली आणि एक हिरवं कणीस मोडून आणलं. कच्च्या कणसाचे दाणे सहजी सुटत नाहीत, कुसळं हाताला टोचतात. ती बापासमोर बसून चोळत राहिली. फुंकर मारून कोंडा उडवला आणि मूठभर दाणे नानांपुढे धरले. "इस्तू लावला नाही, नाना. कच्चाच आहे. खा."

नानांनी ते दाणे तोंडात टाकले. सवयीनं डोळे मिटले. मंगल समोर बसून होती, आणि तिच्याकडे बघून मला दारात उलथनं धरून उभ्या असलेल्या वहिनीच आठवल्या. मीठ इकडंतिकडं झाल्याची वाट मीसुद्धा बघत होतो.

"चांगलं झालंय," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक की मला जेमतेम ऐकू आला. मग पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं, "लई चांगलं झालंय."

मंगलनं पदर डोळ्यांना लावला. मला मात्र राहून राहून एकच वाटत होतं. हे ऐकायला आज वहिनी पाहिजे होत्या.