जनराला आणि नीनोची टोपली

थोरलीनं पिल्लाला जवळ केलं, तर वर्षभर दर शुक्रवारी चर्चच्या पायऱ्या धुवीन, असा नवस एर्मेलिंदाबाई एकदा नीनोला, म्हणजे घरच्या बाळयेशूच्या मूर्तीला, बोलल्या होत्या. (त्यांचे गुडघे दुखत. पण ते नीनोला ठाऊकच असणार, म्हणून वेगळं सांगितलं नाही.)

थोरली म्हणजे जनराला. नऊ वर्षांची मांजरी. चुलीशेजारची खुर्ची तिची. उरलेल्या घरात बाकीच्यांनी राहायला तिची हरकत नव्हती. गिरणीमागे सापडलेलं करडं पिल्लू बाईंनी घरात आणलं, तशी ती अशी काही फिस्कारली, की नवरा आबुंदिओ अंगावरच्या साबणासकट न्हाणीघरातून बाहेर आला.

"कांदेलारियाच्या सणापर्यंत बघतो," तो म्हणाला. "नाही जमलं तर पिल्लू माझ्या बहिणीकडे."

"अहो, तिच्याकडे तीन कुत्रे आहेत!"

"चार. एक परवाच आणलाय."

शेजारच्या चोलेनं उपाय सुचवला. "बाई, मांजरं तोंडं बघत नाहीत, वास बघतात. एकच फडकं दोघींच्या अंगावरून फिरवत जा."

आता स्वच्छ फडकं म्हणजे कुठलं? त्या सणाला नीनोला नटवून चर्चमध्ये तीर्थ घ्यायला नेत, त्यासाठी नवा मखमली झगा शिवून झाला होता, तेव्हा गेल्या वर्षीचा झगा रिकामाच होता. बाईंनी क्षमा मागून तो घेतला. पिल्लू त्यातच झोपू लागलं. जनरालानं मात्र झग्याला दोनदा पंजा मारला आणि विषय संपवला.

सणाच्या सकाळी चुलीवर मक्याच्या पिठाचे तामालेस वाफत होते. एका टोपलीत नटलेला नीनो, दुसरीत झग्यात गुरफटलेलं पिल्लू. थंडी होती, म्हणून दोन्हींवर सारखेच जाड रुमाल. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. बाईंनी टोपली उचलली आणि त्या धावल्या.

चर्चमध्ये बायकांची ही रांग, प्रत्येकीच्या हातात आपापला नीनो. पाद्रीबाबा बादलीत कुंचा बुडवून सढळ हातानं तीर्थ शिंपडत येत होते. बाईंनी भक्तिभावानं रुमाल दूर केला. पाणी पडलं आणि टोपलीतून आवाज आला, "म्याऊ!"

"अगं बाई," चोले मागून म्हणाली, "तुझ्या नीनोला मिशा आहेत!"

पाद्रीबाबांनी पिल्लावर आणखी एकदा पाणी शिंपडलं आणि ते पुढच्या बाईकडे वळले.

लाजेनं लाल झालेल्या एर्मेलिंदाबाई घरी आल्या. भिजलेलं, थरथरणारं पिल्लू त्यांनी जमिनीवर ठेवलं. जनराला खुर्चीवरून उतरली. आबुंदिओनं बहिणीला फोन लावायला घेतला. जनरालानं पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि शेपटीपासून कानापर्यंत चाटायला लागली. चाटून झाल्यावर मानगुटीला धरून तिनं ते खुर्चीवर नेलं.

आबुंदिओनं फोन खाली ठेवला. "आलं बुवा तीर्थाचं प्रत्यंतर!"

आठवडाभर बाई ही हकिकत गल्लीत सांगत होत्या. मग शुक्रवार आला. पायऱ्या धुवायला चर्चच्या सेवेकऱ्यानं त्यांच्या हातात बादली दिली. बाईंनी नाकाला पदर लावला.

"वास येतोय होय?" तो ओशाळून म्हणाला. "आमची बादली गळते हो. सणाला मासळीवालीची आणली, ती अजून परत करायची राहिलीय."

बाईंनी बादली हुंगली, पुन्हा हुंगली. मग कण्हत गुडघे टेकून त्यांनी पहिली पायरी घासायला घेतली. कुणाची बादली गळावी आणि कुणाची यावी, हे का आपल्या हातात असतं?

तेव्हा तुमच्याही घरी थोरली रुसली असेल, तर निर्धास्त नवस बोला. फक्त गुडघ्यांचं आधी सांगून ठेवा.