कर्णिककाकांचा आदिसागर

कर्णिककाका रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला आपल्या गॅलरीत वीज पाडतात. एका वेळी वीस विजा, मोजून. मधेच कोणी बेल वाजवली तर आतून आवाज येतो, "थांबा, चौदावी चाललीय!" दार उघडतं ते विसावी पडल्यावरच.

वीज म्हणजे गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगी. एक जाड काचेची मोठी बाटली, तिच्या रबरी बुचातून आत सोडलेल्या दोन तांब्याच्या तारा आणि तारांच्या बाहेरच्या टोकांना अडकवलेला लायटर. बाटलीच्या तळाला चार बोटं तपकिरी पाणी. हा काकांचा आदिसागर. अब्जावधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर असंच गढूळ पाणी होतं, वरून विजा कोसळत होत्या आणि त्या पाण्यात साध्यासुध्या रेणूला रेणू जोडत जोडत कधीतरी पहिला जीव तयार झाला, असं पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. काकांचं म्हणणं एवढंच, की तिथे होऊ शकतं तर डोंबिवली पूर्वेला का नाही?

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत त्यांची तीसेक वर्षं गेली. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई आणि कारखाना, पुढे आई गेली, कारखान्यातून निवृत्त झाले आणि बाटली आली. बाटलीला आता सहा वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी लायटर निकामी होतो. स्टेशनजवळचा भांडीवाला त्यांना खानावळवाला समजून घाऊक भाव लावतो.

खऱ्या प्रयोगात म्हणे मिथेन, अमोनिया, हायड्रोजन असे वायू लागतात. काकांनी तसा विचार बोलून दाखवला तेव्हा सोसायटीच्या कमिटीने तातडीची सभा बोलावली. आम्ही एमआयडीसीच्या शेजारची माणसं, वारा फिरला तरी खिडक्या लावून घेतो. शेवटी नवसागर, खायचा सोडा, गंजलेले खिळे आणि खाडीचा चिखल यांवर तडजोड झाली. चिखल आणायला काका कळव्याला गेले. पण चिखलात आधीच हजार जीवजंतू असणार, मग नवा जीव आपला हे कळायचं कसं? म्हणून त्यांनी तो चिखल प्रेशर कुकरला लावला. शिट्ट्या मोजून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी अंदाज बांधला की आज कर्णिकांकडे राजमा आहे, आणि वाटी घेऊन त्या वर गेल्या.

त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ नये. एकदा एका भाजीवाल्याने मेथीच्या जुडीला दुप्पट भाव सांगितला. "काका, ऑरगॅनिक आहे!"

"आणि ही बाजूची काय लोखंडाची आहे?" काकांनी विचारलं.

"नाय काका, ती साधी."

"अरे, कार्बन आहे ना तिच्यात? मग ती ऑरगॅनिक. तू ऑरगॅनिक, मी ऑरगॅनिक. ही तुझी प्लास्टिकची पिशवीसुद्धा ऑरगॅनिक!"

भाजीवाल्याने निमूटपणे साध्या मेथीची जुडी साध्या भावात दिली आणि माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

कार्बनवर काकांचा फार जीव. "त्याला चार हात असतात रे," ते सांगतात. "दोघांना दोन बाजूंनी धरलं तरी आणखी दोघांना धरायला मोकळा. म्हणून एवढी मोठी साखळी होते. नाहीतर तुम्ही! सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनातला एक हात वर होत नाही." आणि कोणी कसलंही रडगाणं लावलं, की यांचं ठरलेलं: "मुळात काय होतं? काहीच नव्हतं. मग?"

बाटलीपायी काका कुठेही मुक्कामाला जात नसत. लग्न असो, बारसं असो, संध्याकाळच्या विजांना घरी हजर. पण दिवाळीनंतर नाशिकच्या भाचीचं लग्न निघालं आणि तिने फोनवर निक्षून सांगितलं, "मामा, तू आणलंस तरच मी बोहल्यावर येणार. नाहीतर भटजींना म्हणावं, बसा मंगलाष्टकं म्हणत." चार दिवसांसाठी बाटली आमच्याकडे आली. सोबत सूचनांचा कागद: सकाळ-संध्याकाळ वीस ठिणग्या, बूच उघडू नये, हलवू नये, ऊन दाखवावं. निघताना जिन्यात तीनदा मागे वळून बघितलं त्यांनी. मला उगाच आपण कोणाचं तरी तान्हं सांभाळायला घेतल्यासारखं वाटलं.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विजा पाडून मी ठाण्याला ऑफिसला गेलो. स्मिता, माझी बायको, तिच्या शाळेत. घरात आई एकटी.

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण कळकट भांडं ते डोळे शंभर फुटांवरून हेरतात. संध्याकाळी मी घरी आलो तर बाटली ओट्यावर स्वच्छ फडक्यावर उपडी घातलेली. आरपार दिसत होतं. तारासुद्धा चिंच लावून घासलेल्या, नव्या कोऱ्या.

"कर्णिकांची बाटली घासली रे," आई समाधानाने म्हणाली. "किती वर्षांचं किटण होतं! बाईमाणूस नाही ना घरात, कोण बघणार?"

चूक माझीच होती. काकांचं काहीतरी ठेवायला दिलंय, एवढंच मी आईला सांगितलं होतं. आता सगळं सांगितलं. पृथ्वी, विजा, सहा वर्षं. आईचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्यात जीव होता?"

"होता असं नाही गं. होणार होता."

"म्हणजे तेच ना रे!" असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. रात्री जेवली नाही.

स्मिता व्यवहारी आहे. "गाळ तो गाळ," ती म्हणाली. "आपण करू." तिने कोरा चहा उकळला, त्यात कुंडीतली माती घातली. रंग जमला, पण दाटपणा येईना. मग चमचाभर कॉर्नफ्लॉवर लावलं. मला शरम वाटत होती, पण खोटं कशाला सांगू, बाटली हुबेहूब दिसत होती. पुढचे दोन दिवस त्या चहावर मी इमानेइतबारे विजा पाडल्या.

काका परत आले ते थेट आमच्याकडे, खांद्यावर बॅग, कपाळावर अजून लग्नातल्या अक्षता. त्यांनी बाटली उजेडात धरली, तिरकी केली.

"बरीच प्रगती आहे," ते म्हणाले आणि बाटली छातीशी धरून वर गेले.

आम्ही सुटलो, पण आई सुटली नाही. दोन दिवस ती धड जेवली नाही, जपाची माळ हातात घेऊन नुसती बसायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने रव्याचे लाडू डब्यात भरले. "मी वर जातेय. त्या माणसाला फसवून मला घास जात नाही." गुडघ्यांपायी तिने वर्षभरात जिना चढला नव्हता. दोन मजले चढायला आम्हाला पाव तास लागला. पायरीपायरीवर थांबत होती, पण "राहू दे आता" म्हणाली नाही.

काकांनी दार उघडलं. आईने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"कर्णिक, तुमची बाटली मी घासली. आत आहे तो चहा आहे."

"आणि कॉर्नफ्लॉवर," काका म्हणाले.

मी आईला खुर्चीवर बसवलं.

"अरे सुधीर, आयोडीनचा थेंब टाकला, निळंशार झालं. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, पिष्टमय पदार्थ. सुरुवातीच्या पृथ्वीवर कॉर्नफ्लॉवर कुठलं?" मग त्यांनी आईच्या हातात पाण्याचा पेला दिला. "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेव्हाही एका दमात झालं नसणार. आकाशातून डोंगराएवढे धोंडे पडायचे, समुद्रच्या समुद्र उकळून जायचे. जमत आलेलं सगळं पुसलं जायचं आणि परत पहिल्यापासून सुरू. तुम्ही तर नुसता भांड्याचा साबण लावलात."

आई हसली नाही. "पण तुमची सहा वर्षं गेली हो. माझ्या हातून गेली."

काका समोर टेकले. बाटलीकडे बघत होते.

"वहिनी, मी केमिस्ट आहे. त्या बाटलीत काही होणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जिथे झालं तिथे अख्खा समुद्र होता आणि कोट्यवधी वर्षं होती. माझ्याकडे चार बोटं पाणी." त्यांचा आवाज बारीक झाला. "आई नऊ वर्षं अंथरुणात होती. सकाळ-संध्याकाळ तिला औषध द्यायचं आणि विचारायचं, आज कसं काय? ती गेल्यावर सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची, आणि विचारायला घरात कोणी नाही. मग बाटलीला विचारायला लागलो. एवढंच आहे ते."

सहा वर्षं मी या माणसाच्या गोष्टी ऑफिसात रंगवून सांगत होतो.

आई सरळ बसली. डब्याचं झाकण उघडून तिने लाडू पुढे केला.

"मग मला विचारत जा ना," ती म्हणाली. "हे दोघं सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मी असतेच घरात."

काकांनी लाडू घेतला. मग म्हणाले, "विजा झाल्या की येतो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा काका आमच्या हॉलमध्ये आईसमोर खुर्ची ओढून बसले होते. "वहिनी, आज कसं काय?" असं विचारून त्यांना पाऊण तास झाला होता, असं स्मिता हळूच म्हणाली. आई अजून डाव्या गुडघ्यावरच होती. तो कोणत्या कुशीवर दुखतो, पहाटे कितीला जाग आणतो, दुपारी घरात कोणी नसताना कपाटाला धरून ती कशी उठते, हे सगळं ती रंगून सांगत होती. काका मान डोलवत ऐकत होते. बूट काढता काढता मी दारातच थांबलो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.