रामभाऊंचं खरं वय

"मी सरकारपेक्षा पावणेतीन वर्षांनी हुशार आहे!" असं रामभाऊ शिवलकर छाती पुढे काढून सांगत. ऐकणारा नवा असला तर विचारायचा, "ते कसं काय?" आणि मग रामभाऊ खुर्ची ओढून बसत. जुने लोक मात्र घड्याळ बघून उठत, कारण ही गोष्ट चहा गार होईपर्यंत चालायची.

गोष्ट अशी. रामभाऊंना शाळेत घातलं तेच उशिरा, दोन पावसाळे गुरांमागे घालवल्यावर. मालगुंडजवळच्या त्या वाडीतल्या शाळेत मास्तरांनी विचारलं, "मुलाचा जन्म कधीचा?" वडील म्हणाले, "गणपतीच्या आदल्या दिवशीचा." "कुठल्या साली?" "तां काय ठाव नाय." मग मास्तरांनी पोराची उंची बघितली आणि एक जून सत्तेचाळीस असं ठोकून दिलं! रामभाऊ तेव्हा बुटके होते. आजही आहेत. खरा जन्म ऑगस्ट चव्वेचाळीसचा. म्हणजे नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर रामभाऊंनी जी नोकरी केली, त्यातली शेवटची पावणेतीन वर्षं निव्वळ मास्तरांच्या कृपेची.

त्या शाळेत रामभाऊंच्या शेजारी बसायचा बाबल्या नागवेकर. हा रामभाऊंपेक्षा दहा महिन्यांनी लहान, पण ताडमाड उंच. त्याला मास्तरांनी एक जून पंचेचाळीस दिलं. पुढे बाबल्या पोलिसात गेला, हवालदार झाला, आणि दोघांनी भाट्याच्या वाटेवर शेजारीशेजारी घरं बांधली. बाबल्या रिटायर झाला दोन हजार तीनमध्ये, रामभाऊ दोन हजार पाचमध्ये. मधली दोन वर्षं रामभाऊंनी काय सुखात काढली म्हणून सांगू! रोज सकाळी युनिफॉर्म घालून दोन घरांमधल्या दगडी गडग्याजवळ मुद्दाम थांबायचं.

"काय बाबल्या, अबोलीला पाणी घालतोस? घाल, घाल! मला ड्युटी आहे बाबा!"

बाबल्या हसून पाणी घालायचा. त्याचं ते हसणं रामभाऊंना तेव्हा हरलेल्या माणसाचं वाटायचं.

रिटायर झाल्यावरची वीस वर्षंही मजेत गेली. मग गेल्या वर्षी जून उजाडला आणि बाबल्याच्या घरातून सुरमई तळल्याचा वास आला. बुधवारी आला, शुक्रवारी आला, रविवारीही आला! रामभाऊंच्या ताटात बांगडा होता. त्यांनी बायकोला, यमुनाबाईंना विचारलं, "ह्यांच्याकडे काय लग्न-बिग्न आहे काय गो?"

"लग्न कसलं? हवालदारांना ऐंशी पुरी झाली. ऐंशी झाली की पेन्शन वाढते म्हणे, वीस टक्के. त्यांच्या गोदावहिनीच सांगत होत्या. हवालदार स्वतः मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन सुरमई आणतात हो आता, भाव न विचारता!"

रामभाऊंनी घास परत ताटात ठेवला. "म्हणजे त्याला ऐंशी, आणि मला?"

"तुम्हाला अठ्ठ्याहत्तर. कागदावर."

"अगो, पण मी त्याच्याहून मोठा आहे! दहा महिन्यांनी मोठा!"

"मग आता जेवा," यमुनाबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर रामभाऊ जळले. चांगले खरपूस जळले! जन्मभर दुसऱ्यांच्या आगी विझवलेला माणूस, पण ही काही विझेना. त्यातून पंधरा ऑगस्टला पेन्शनरांच्या संघटनेने बाबल्याला शाल-नारळ दिला, ज्येष्ठ सभासद म्हणून! टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत कोण? रामभाऊ. आणि परत येताना बाबल्याने त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं, "जपून चाल रे रामा. तुला काय, तू अजून लहान आहेस."

त्या दिवशी रामभाऊ जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी माझं खरं वय सिद्ध करणार! वीस टक्के घेणार, मागची थकबाकी घेणार, आणि सुरमई आणणार ती बाबल्याच्या सुरमईहून हातभर लांब!"

मुलगा दर्शन नुकताच ड्युटीवरून आला होता. तोही बंबावरच, पण नव्या पेन्शन योजनेतला. तो बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, तुम्हाला महिन्याच्या महिन्याला ठरलेली पेन्शन येते. माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात, ते बाजारात लावतात, आणि रिटायर होताना हातात काय पडेल ते त्या बाजारालाच माहीत! जुनी योजना द्या म्हणून आम्ही मोर्चे काढतोय, घसे बसले ओरडून. आणि तुम्ही वीस टक्क्यांसाठी रडताय? तुमच्याकडे बघून मी जळायचं की तुम्ही हवालदारकाकांकडे बघून?"

"तू तुझं जळ, मी माझं जळतो!" रामभाऊ म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

पुढचे अडीच महिने घरात रामभाऊ फक्त झोपायला येत. जुन्या जन्मनोंदीच्या वहीतला उतारा हवा होता. तो मिळवायला कचेरीत सहा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला वही सापडेना, तिसऱ्या खेपेला वही सापडली पण कपाटाची किल्ली सापडेना. शेवटी एकदाचं ते पान उघडलं. वाळवीने आजूबाजूची चार मुलं खाल्ली होती, पण रामा शिवलकर शाबूत होता! ऑगस्ट चव्वेचाळीस! रामभाऊंना इतका आनंद पहिल्या पगाराला झाला नव्हता.

नोव्हेंबर लागला. यमुनाबाई रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य देत. "अहो, बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन या. हा महिना संपायच्या आत जिवंत असल्याची सही करावी लागते."

"करतो गो! मी काय मरतोय? आधी जन्माचं बघू दे, मग जगण्याचं बघतो!"

आता एक अडचण उरली होती. रामभाऊंना एका वकिलाने सांगितलं होतं की उताऱ्याबरोबर लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाची तरी साक्ष जोडा. आणि रामभाऊंना लहानपणापासून ओळखणारा या पृथ्वीवर एकच माणूस शिल्लक होता. तो शेजारी सुरमई खात होता!

तीन दिवस रामभाऊ गडग्यापाशी येरझाऱ्या घालत राहिले. चौथ्या दिवशी बाबल्याच म्हणाला, "काय रामा, काही हरवलं काय?"

रामभाऊंनी सगळं सांगितलं. बाबल्याने शांतपणे ऐकून घेतलं, आत गेला, चष्मा लावून, कोऱ्या कागदांची चवड घेऊन बाहेर आला. पोलिसातली सवय! झोपाळ्यावर बसून जबाब लिहायला घेतला.

"नाव?"

"अरे मेल्या, माझं नाव तुला माहीत नाय?"

"जबाब आहे. रीतसर झाला पाहिजे. नाव?"

अशी तासभर चौकशी झाली. रामभाऊ गुरं कुठल्या माळावर न्यायचे, ताप येऊन किती दिवस शाळा बुडवली, दोघांत आधी दात कुणाचे पडले, सगळं त्यात आलं. शेवटी बाबल्याने पेन थांबवलं. "रामा, एक सांगू?"

"सांगू नको, सही कर!"

"अरे, पण तू रिटायर झालास त्या वेळी..."

"बघ! बघ! पोटात दुखायला लागलं ना? माझी वाढ तुला बघवत नाय!"

"तसं नाय रे. मी काय म्हणतो, तुझं खरं वय जर..."

"बाबल्या, सही करतोस की जाऊ?"

बाबल्याने उसासा टाकला आणि सही केली. लफ्फेदार, हवालदाराची, खाली हुद्द्यासकट.

रामभाऊंनी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, उतारा जोडला, जबाब जोडला आणि पालिकेत पेन्शनचं काम बघणाऱ्या निशिगंधा मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी दोन पानं वाचली. मग वर बघून सावकाश म्हणाल्या, "काका, मी एक सुचवू का? हा अर्ज घरी घेऊन जा. आठ दिवस विचार करा."

"विचार करूनच आणलाय! आवक करा, शिक्का मारा आणि मला पोच द्या! नाहीतर तुम्ही लोक कागद कपाटाखाली सारता!"

"काका, खरंच..."

"पोच!"

मॅडमनी शिक्का मारला. रामभाऊ पोच खिशात घालून इतक्या ऐटीत बाहेर पडले की रिक्षावाल्याला दहा रुपये जास्त दिले. घरी येऊन ती पोच त्यांनी देवाऱ्यात ठेवली!

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला पालिकेतून बोलावणं आलं. रामभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला. यमुनाबाई म्हणाल्या, "येताना बँकेत जा हो, हयातीचं..."

"येताना सुरमई आणतो! मसाला वाटून ठेव!"

निशिगंधा मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. सरकारी कचेरीत न मागता पाणी मिळालं की माणसाने सावध व्हावं, पण रामभाऊ हरखले होते.

"काका, तुमचा जन्म चव्वेचाळीसचाच. कागद पक्के आहेत."

"मग! हवालदाराचा जबाब आहे तो!"

"पण निवृत्त झाल्यावर जन्मतारीख बदलता येत नाही. त्यामुळे वाढ मिळणार नाही."

"नाही?"

"नाही. आता दुसरी गोष्ट. अठ्ठावन्नला निवृत्ती. म्हणजे तुमच्याच प्रतिज्ञापत्राप्रमाणे तुम्ही ऑगस्ट दोन हजार दोनला घरी जायला हवं होतं. तुम्ही गेलात मे दोन हजार पाचला. पावणेतीन वर्षं वय जास्त झालेलं असताना पगार घेतलात, हे तुम्ही स्वतः शपथेवर लिहून दिलंय. साक्षीदारासकट! साहेबांनी हा कागद वाचला तर पहिला प्रश्न वसुलीचा काढतील."

रामभाऊंनी समोरचं पाणी पिऊन टाकलं. मग मॅडमचंही पिऊन टाकलं. घर डोळ्यांपुढे आलं, पासबुक डोळ्यांपुढे आलं, आणि ज्या पावणेतीन वर्षांच्या जिवावर वीस वर्षं छाती पुढे काढली, ती वर्षं तारखेवार रांगेत उभी राहिली.

"मॅडम," ते एकदम म्हणाले, "मी लहान आहे!"

"काय?"

"अठ्ठ्याहत्तरच आहे हो मी! मास्तर कधी चुकतील? उंची बघा ना माझी! तो उतारा दुसऱ्या रामाचा असेल! आमच्या वाडीत रामा पुष्कळ!"

"मग तसं लिहून द्या, अर्ज मागे घेतो म्हणून. साहेबांच्या टेबलावर अजून गेलेला नाही, पण आवक झालाय ना, मी असाच फाडू शकत नाही. तुम्हीच शिक्का मारायला लावलात. आणि साक्षीदारालाही आणा. त्यांनी एवढं ठाम लिहिलंय, त्यांनाच ते सैल करावं लागेल."

रामभाऊंनी फोन लावला. "बाबल्या... ये रे."

पंधरा मिनिटांत बाबल्या हजर! धापा टाकत आला, चष्मा लावून खाली बसला. "मॅडम, लिहून घ्या. मी ऐंशी वर्षांचा म्हातारा. माझी स्मरणशक्ती गेलेली आहे. आमच्यात मोठा कोण, लहान कोण, मला खात्रीने सांगता येत नाही. दात कुणाचे आधी पडले तेही आठवत नाही. आता तर दोघांचेही नाहीत."

मॅडमनी तोंडावर फाईल धरली. दोघांच्या सह्या झाल्या, अर्ज निकाली निघाला.

बाहेर पायरीवर रामभाऊ म्हणाले, "बाबल्या, तू तेव्हा हेच सांगत होतास?"

"तीनदा सांगत होतो."

"मला वाटलं तू जळतोयस."

"जळत होतो ना! वीस वर्षांपूर्वी. तू युनिफॉर्म घालून गडग्यापाशी यायचास तेव्हा. रोज जळायचो." बाबल्या हसला, आणि ते हसणं काही हरलेल्या माणसाचं नव्हतं. "चल घरी. आणि आजपासून मला दादा म्हण."

"दादा? दहा महिन्यांनी लहान आहेस तू माझ्याहून!"

"मग वर जाऊन मॅडमना तसं सांगू काय?"

"चल, दादा," रामभाऊ म्हणाले.

सुरमई अर्थातच आणली नाही. घरी येऊन रामभाऊ पांघरूण घेऊन पडले ते दोन दिवस उठले नाहीत. एवढ्या मोठ्या संकटातून वाचल्याचं समाधान त्यांना हळूहळू वाटायला लागलं. वीस टक्के नाहीत तर नाहीत, आहे ती पेन्शन तरी शाबूत आहे! दोन वर्षं नेटाने जगलो की आपल्यालाही ऐंशी! असं म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पासबुक भरायला बँकेत गेले.

पेन्शन जमा नव्हती.

"आजोबा, तुमचा हयातीचा दाखला आला नाही नोव्हेंबरात," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दाखला नाही म्हणजे आमच्या हिशेबी तुम्ही... म्हणजे तसं नाही, पण पेन्शन थांबते. आता सही करा, पुढच्या महिन्यात एकदम जमा होईल."

आपण आधी जन्मलो हे सिद्ध करायला रामभाऊ अडीच महिने धावले, आणि त्या धावपळीत आपण अजून मेलो नाही हे सांगायचं तेवढं राहून गेलं! त्यांनी सही केली. घरी आले. यमुनाबाईंनी भांडी घासायला घेतली. ती आपटल्याचा आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला.

दुपारी गोदावहिनी झाकलेली ताटली घेऊन गडग्याशी आल्या. "भावोजी, ह्यांनी पाठवलंय. म्हणाले, रामाची पेन्शन सुरू होईपर्यंत रोज द्यायचं."

रामभाऊंनी ताटली उघडली. सुरमईचा तळलेला तुकडा होता, चांगला तळहाताएवढा. त्यांनी एक घास खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही मसाल्याचं नव्हतं.

"यमुने," ते म्हणाले, "जरा गडग्यावरून बघून ये गो."

"काय बघू?"

"बाबल्याच्या ताटात याच्याहून मोठा तुकडा आहे काय तो!"