हैबतरावांना पाहताच मिटणारा टीव्ही

दिवाळीच्या रंगकामात हैबतरावांनी एक लहानसा निर्णय घेतला. बैठकीतला टीव्ही उत्तरेच्या भिंतीशी होता, तो त्यांनी पूर्वेला हलवला. त्यांची बाज पश्चिमेला होती आणि मान वळवून बातम्या पाहिल्याने ती आखडत असे, एवढेच त्यामागचे कारण. (मान की बाज, काय वळवणे सोपे, हा विचार त्यांना सुचला नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला तो सहसा सुचत नाही.) रंगाऱ्याने पूर्वेच्या भिंतीतली जुनी सागवानी खुंटी उपटली, भोक पुट्टीने बुजवले, आणि त्या जागी पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही चौघांच्या खांद्यांवरून येऊन विराजमान झाला.

हा टीव्ही म्हणजे हैबतरावांच्या वैभवाची पहिली खूण. माणमधली जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजले उठले, आणि खोल्यांच्या पहिल्या वर्षाच्या भाड्यातून तो आला. त्याचे वजन हेच त्यांच्या लेखी त्याच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र होते. मुलगा इंद्रजित नवा, चपटा टीव्ही आणू म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, "त्यो पत्र्याचा तुकडा. खिडकी उघडी राह्यली तर उडून जाईल."

मात्र दिवाळीनंतर हा वजनदार टीव्ही आपोआप बंद पडू लागला. सुरू होई, वीसेक मिनिटे गुण्यागोविंदाने चाले, मग टक् असा आवाज करून डोळे मिटे. आश्चर्य असे, की हैबतराव बाहेर असले तर त्यांच्या पत्नी धोंडाबाईंच्या मालिका दुपारभर अखंड चालत. संध्याकाळी हैबतराव उरलेल्या चार गुंठ्यांवर पूर्वीच्या बारा एकरांची फेरी मारून येत, खांद्यावरची घोंगडी उतरवीत, बाजेवर टेकत, आणि थोड्याच वेळात टीव्ही मिटे.

"तुमी घरात नसला की दिवसभर चालतुया," धोंडाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "तुमी बसला की झोपतुया."

"मला काय भितो का त्यो?"

"तेरा वर्सं बघतोय तुमाला. कंटाळला आसंल."

एरवी हैबतरावांनी हे मनावर घेतले नसते. पण पुढच्या रविवारी त्यांची नात सृष्टी बालेवाडीच्या मैदानावर राज्यस्तरीय शालेय कबड्डीचा अंतिम सामना खेळण्याची शक्यता होती आणि तो टीव्हीवर दाखवणार होते. मैदान घरापासून जेमतेम अडीच कोसांवर. पण तीन वर्षांपूर्वी, सृष्टीने खेळायला सुरुवात केली तेव्हा, हैबतरावांनी मारुतीच्या पारावर भावकीसमक्ष जाहीर केले होते, की पोरींनी मातीत लोळणे त्यांना मान्य नाही आणि त्या मैदानावर ते पाऊल ठेवणार नाहीत. शब्द त्यांनी पाळला होता. त्या शब्दाने आता त्यांचाच गळा धरला होता. नातीचा खेळ पाहायचा आणि शब्दही राखायचा, तर टीव्हीवाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू निरंजन याला पाचारण झाले. निरंजन संगणक अभियंता. टीव्हीचे ज्ञान नसल्याचे त्याने नम्रपणे सांगून पाहिले. पण इंजिनिअर म्हटल्यावर त्याला काहीही दुरुस्त करता येते, अशी गावाची श्रद्धा असते आणि घरमालकाची तर खात्रीच. हैबतरावांनी रिवाजाप्रमाणे टीव्हीवरची घोंगडी काढून बाजेवर अंथरली आणि पाहुण्याला तिच्यावर बसवले. निरंजनने वही काढली, टीव्ही लावला. तो दीड तास अविरत चालला.

"काका, हा तर व्यवस्थित चालतोय."

"तुज्यासमोर चालतोय. तू गेलास की बघ."

निरंजन गेला. हैबतरावांनी घोंगडी झटकली, घडी घातली, जागच्या जागी ठेवली. वीस मिनिटांनी टीव्ही मिटला.

तीन दिवस हेच चालले. निरंजन घोंगडीवर बसून तपासणी करी, तोवर टीव्ही सद्गुणांचा पुतळा. त्याने वहीत विजेच्या दाबाची नोंद केली, तक्ता काढला आणि संध्याकाळी सगळे गीझर एकदम सुरू होत असावेत, असा सावध तर्क मांडला. झाले. हैबतरावांनी जिन्यात पाटी लावली: सहा ते नऊ गीझर बंद. माघ महिन्याची थंडी. चौदा भाडेकरू गारठले. टीव्ही तरीही मिटला. मग स्टॅबिलायझर आला. मग अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा पडला.

शुक्रवारी उपांत्य सामना होता. इंद्रजित आणि सूनबाई मैदानावर गेले होते. शेवटचे मिनिट, बरोबरीचे गुण, सृष्टी कबड्डी कबड्डी करीत मध्यरेषा ओलांडून गेली, आणि टक्. काळ्या काचेत हैबतरावांना स्वतःचेच उघडे तोंड दिसले. नात जिंकली, हे त्यांना शेजाऱ्याकडून कळले.

"काका, रविवारी मोबाइलवर बघा ना," निरंजन म्हणाला. "लाइव्ह दिसेल."

"तळहाताएवढ्या काचंत? मुंगीयेवढी दिसंल पोर. त्यात आपली कुटली आन् परक्याची कुटली?"

रविवारी दुपारी दोनला त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली.

"कुटं निगाला? चार वाजता म्याच हाय," धोंडाबाईंनी विचारले.

"घोटावड्याला म्हैस बगायला. हितं बसून काय काळी काच बगू?"

धोंडाबाईंनी खिडकीतून गोठ्याच्या जागेकडे पाहिले. गोठा पाडून तिथे भाडेकरूंची वाहने लागत, त्याला सहा वर्षे झाली होती.

बालेवाडीत हैबतराव सर्वांत मागच्या रांगेत बसले. डोक्यावरून घोंगडी घेऊन तिची खोळ नाकापर्यंत ओढली. इंद्रजित पुढे होता; त्याने वळून पाहू नये म्हणून त्यांनी ग्रामदैवताला नारळ बोलला. पहिला डाव ते स्थितप्रज्ञ राहिले. दुसऱ्या डावात सृष्टीने एका चढाईत तिघींना बाद केले. त्यानंतर आपण काय केले, हे त्यांना नीटसे आठवत नाही. भानावर आले तेव्हा ते बाकावर उभे होते आणि घोंगडी हातात होती.

आठाच्या सुमारास ते घरी परतले. सामना बघायला जमलेली भावकी पांगली होती. सृष्टी गळ्यात पदक घालून धोंडाबाईंशेजारी बसली होती. इंद्रजित आणि निरंजनही होते. सगळे एकदम त्यांच्याकडे वळले.

"मिळाली का म्हैस?" धोंडाबाईंनी विचारले.

"नाय पटली. दूध कमी." हैबतरावांनी विषय बदलला. "टीव्ही कितीदा बंद पडला?"

"एकदा बी न्हाई."

"मंजी पुरी म्याच बघितली?"

"म्याच बी बघितली आन् तुमाला बी. बाकावर उभं राहून घोंगडी फिरवत हुता. तीनदा दाखिवलं. अख्ख्या भावकीनं बघितलं."

"त्ये मी नव्हं. घोंगडी काय जगात एकच हाय?"

"थांबा आबा," सृष्टी म्हणाली. "क्षणचित्रं लागलीच आहेत. आता येईल तुमचं."

हैबतरावांनी तोंड वळवले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, जिथे पूर्वी खुंटी होती, तिथे हात नेला. घोंगडीची घडी टीव्हीच्या माथ्यावर टाकली. अर्धी मागे सोडली. मग बाजेवर बसून ते क्षणचित्रांची अपराध्यासारखी वाट पाहू लागले. शालेय मुलांचा सामना संपला. मुलींचा सुरू झाला. सृष्टीची ती चढाई आली, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला, मागच्या रांगेत काहीतरी काळे उंच उडाले, आणि टक्.

सर्वांनी टीव्हीकडे पाहिले. मग घोंगडीकडे. निरंजन उठला, टीव्हीमागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काका, गरम हवा बाहेर पडायच्या जाळ्या इथे आहेत. यावर घोंगडी कधीपासून टाकता?"

"खुंटी काढल्यापासनं," हैबतराव म्हणाले.

निरंजनने वही उघडली, तीन दिवसांचा तक्ता पाहिला आणि ज्यावर बसून तो काढला होता, त्या वस्तूकडे पाहिले. वही मुकाट्याने खिशात गेली.

"आबा," सृष्टी म्हणाली, "पुढची मॅच साताऱ्याला आहे. तुम्ही आणि घोंगडी, दोघंही या. टीव्हीला जरा बरं वाटेल."

हैबतरावांनी उठून घोंगडी काढली. ती ठेवायला त्यांनी चारी भिंतींवर नजर फिरवली. तीन मजल्यांच्या त्या घरात एकही खुंटी उरली नव्हती. शेवटी ती खांद्यावर घेऊनच ते जेवायला बसले, आणि दुसरी भाकरी मागेपर्यंत टीव्हीवर ते पुन्हा बाकावर उभे राहिले होते.