रिक्षा न मिळणारी जागा

नाना पगार कुठल्याही रम्य ठिकाणी गेले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "इथून रिक्षा मिळते का?" मिळते म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. समोर पाणी असो, झाडी असो, नाना पाठ फिरवून स्कूटरकडे चालू लागायचे. "उपयोगाचं नाही. चला."

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. आम्ही तेव्हा नाशिकला इंदिरानगरात राहत होतो आणि नाना आमच्या वरच्या मजल्यावर एकटे. सातपूरच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न राहून गेलेलं. उंच, जरा वाकलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता शर्टाच्या बटणाकडे बघणारे. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "म्हणजे प्रश्नच मिटला" असं म्हणायची त्यांना सवय होती. पाण्याच्या टाकीला नवीन झाकण आणलं, प्रश्नच मिटला. झाकण वाऱ्यानं उडून शेजारच्या बंगल्यात पडलं, तर ते परत आणून बसवताना, आता वर दगड ठेवू, प्रश्नच मिटला.

तर या नानांनी सगळ्या भावंडांना घेऊन जंगलात, पाण्याच्या काठी, तंबू ठोकून राहायचं मनावर घेतलं होतं. त्या काळात आमच्याकडे असं कुणी करत नसे. लोक डबे घेऊन सोमेश्वरला जात, फार तर गंगापूर धरणावर, आणि दिवेलागणीला घरी येऊन आपापल्या गादीवर झोपत. घरात पलंग असताना मातीत का झोपायचं, हे नानांना विचारण्याचं धाडस फक्त माझ्या बायकोनं, नीलिमानं केलं. नाना तिला म्हणाले की पलंगाचं काही नाही, पण घराला खोल्या असतात. तिला काही कळलं नाही. मलाही नाही.

देवळालीच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक लष्करी तंबू आणला. त्याला रॉकेलचा आणि बुरशीचा मिळून एक वास यायचा, आणि तो गच्चीवर उभा राहिला की खालच्या मजल्यावरचे लोकसुद्धा खिडक्या लावून घेत. दर रविवारी नाना तो उभारायचे आणि मला आत बसवून वरून बादलीनं पाणी ओतायचे. मी भिजलो की बाहेरून विचारायचे, "कुठून आलं?" मी म्हणायचो, सगळीकडूनच. मग आठवडाभर ते शिवणीवर मेण घासत बसायचे.

जागा बघायला ते मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. मी नको म्हणालो की नीलिमा सांगायची, जा हो, नाहीतर ते एकटेच जातील. गंगापूर धरणाचं मागचं पाणी त्यांनी बघताक्षणी नाकारलं, कारण तिथे भेळवाले होते आणि भेळवाले म्हणजे रिक्षा. कश्यपीच्या बाजूला एक जागा मला फार आवडली होती, पण तिथून दुपारची एसटी जायची. वैतरणेच्या काठी एका गावातल्या लोकांनी आम्हाला घरी नेऊन चहा पाजला, वर पंक्चर काढून दिलं. परत निघताना नाना उदास होते. म्हणाले, "इथली माणसं फार चांगली आहेत. कुणीही कुणालाही मोटरसायकलवर सोडून येईल. नको."

शेवटी हरसूलच्या पुढे, डोंगरात, एका लहानशा धरणाच्या काठी जागा सापडली. सागाचं आणि ऐनाचं दाट रान, पाण्यापर्यंत मऊ उतार, आणि सडक इतकी लांब की गाडीचा आवाजही पोचत नव्हता. नाना तिथे दगडावर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा मला कारण सांगितलं.

त्यांचे थोरले भाऊ, वसंतदादा, कळवणला राहायचे. तिथे त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. धाकटी बहीण सुमन नांदगावला दिलेली. दोघं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आई नाशिकला दवाखान्यात होती तेव्हा सुमन बाळंतपणाला टेकलेली. डॉक्टर म्हणत होते, दोन दिवसांत घरी सोडू. म्हणून दादांनी तिला कळवलं नाही, अशा अवस्थेत पोरीला धावपळ नको म्हणून. आई त्याच रात्री गेली. सुमन पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

नानांनी त्यानंतर दोघांना पुष्कळदा एका घरात आणलं होतं. दर वेळी कुणीतरी एक शब्द बोलायचं, दुसरं उठून खोलीत जायचं आणि आतून कडी लावायचं, नाहीतर पिशवी उचलून रिक्षा गाठायचं. "तंबूला कडी नसते," नाना म्हणाले. "आणि इथून जाणार कुठे? दोन दिवस समोरासमोर बसावंच लागेल. म्हणजे प्रश्नच मिटला."

मला वाटलं होतं, दोघं येणारच नाहीत. पण आले. दादांना सांगितलं होतं की सुमननं बोलावलंय आणि सुमनला सांगितलं होतं की दादांनी. दादांबरोबर वहिनी नव्हत्या, सुमनताईंबरोबर त्यांचे यजमान नव्हते. तेवढी शंका दोन्ही घरांना आली असावी. परक्या माणसांसमोर भांडण होणार नाही म्हणून नानांनी आम्हा नवराबायकोलाही घेतलं. जीपवाल्यानं आम्हाला उतरवलं आणि नानांच्या हुकमानं तो लगेच निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

नानांनी सगळी कामं अशी काढली की ती एकट्यानं होऊ नयेत. तंबूचा एक दोर दादांच्या हातात, समोरचा सुमनताईंच्या. दोघांनी ताणून धरले, एकमेकांकडे न बघता, आणि तंबू झकास उभा राहिला. हंड्याला एका बाजूनं दादा, दुसऱ्या बाजूनं सुमनताई. पाणी हिंदकळत आलं, पण आलं. नाना माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. मला मात्र ते पाणी आणणं बघवत नव्हतं.

जेवताना दादा जरा सैल झाले. नानांनी केलेल्या कुळथाच्या पिठल्याचा घास घेऊन, कुणाला उद्देशून न बोलता ते म्हणाले की आईच्या हातची चव आली.

सुमनताईंनी मान वर केली नाही. "तुम्ही आईचं नाव काढू नका," त्या म्हणाल्या.

त्या 'तुम्ही'नं दादांचा हात ताटातच थांबला. सख्ख्या भावाला त्यांनी आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नसणार. दादा उठले, पाण्याशी जाऊन हात धुतले, पिशवी उचलली आणि झाडीतून सडकेच्या दिशेनं चालू लागले. सडक लांब होती, चढ होता आणि दादांचे गुडघे गेलेले होते. कुणाला निघून जाता येऊ नये अशी जागा नानांनी शोधली होती. पण माणूस पायी निघून जाईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मला वाटलं, नाना त्यांना अडवतील. त्यांनी अडवलं नाही. चपला शोधल्या, धावत जाऊन दादांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या मागोमाग चालू लागले.

आम्ही तिघं राहिलो. सुमनताई भांडी घासायला पाण्यावर गेल्या, नीलिमा त्यांच्या सोबत गेली. तिथे त्या जे बोलल्या, ते नीलिमानं मला नंतर सांगितलं. दर भाऊबीजेला नाना नांदगावला यायचे आणि दादानं पाठवली म्हणून एक साडी द्यायचे. दादांना मोरपंखी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे सुमनताईंना लहानपणापासून माहीत होतं. साड्या मात्र एकाहून एक सुरेख असायच्या. नीलिमानं विचारलं, मग नानांना तसं कधी बोलला नाहीत? सुमनताई म्हणाल्या, "कसं बोलू? आमच्या दोघांच्या भांडणाशिवाय नानाला आहे कोण?"

दादांना सडकेपर्यंत पोचवून, ऊन कलल्यावर नाना परत आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. येऊन ते तंबूसमोर मातीतच बसले. मग सुमनताईंनी विचारलं, "दादाचे गुडघे दुखत होते का?"

"फार," नाना म्हणाले. "मधे मधे बसत होता."

सुमनताईंनी चुलीत काटक्या सारल्या. काटक्या ओल्या असाव्यात, धूर फार झाला, आणि त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी जीप येईपर्यंत आम्ही चौघं त्या सुंदर जागी, कुणीतरी आजारी असलेल्या घरात बसावं तसे बसून राहिलो.

त्या दिवाळीच्या आधी सुमनताईंचा आमच्याकडे फोन आला. नानांकडे फोन नव्हता, मी त्यांना वरून बोलावून आणलं. यंदा भाऊबीजेला त्या कळवणला जाणार होत्या. नाना फक्त "बरं, बरं" म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी तो उगीचच रुमालानं पुसला.

भाऊबीजेला दुपारी मी गच्चीवर गेलो तर नाना तंबू उन्हात पसरून कठड्याला टेकून बसले होते. मी विचारलं, "तुम्ही कळवणला नाही गेलात?"

"मुद्दामच नाही गेलो," ते माझ्या बटणाकडे बघत म्हणाले. "मी असलो की दोघंही माझ्याशीच बोलतात."

नीलिमानं त्यांना खाली जेवायला बोलावलं. पाटावर बसवून ओवाळलं. नाना अंग चोरून बसले होते, पाहुण्या मुलासारखे. जेवण झाल्यावरही ते लगेच उठले नाहीत. फोनजवळच्या खुर्चीवर पेपर वाचत राहिले. फोन वाजला की पेपर खाली घ्यायचे, दुसऱ्याच कुणाचा आहे असं कळलं की पुन्हा वर करायचे.

चहाच्या वेळी कळवणचा फोन आला. सुमनताई होत्या. नाना उभं राहून बोलले, सगळे बरे आहेत का विचारलं. मग पलीकडून दादांचा आवाज आला असावा, कारण सुमनताई त्यांना काहीतरी उत्तर देऊ लागल्या, मग दादा बोलले, मग त्या. इकडे नाना रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे होते. एकदा त्यांनी "हॅलो" म्हणून पाहिलं. नंतर तेही सोडून दिलं आणि ऐकत राहिले. नीलिमानं मला हातानं खूण केली, टीव्ही बंद करा.

बऱ्याच वेळानं त्यांनी रिसीव्हर अगदी हलक्या हातानं, आवाज होणार नाही असा, खाली ठेवला.

"काय म्हणाले दोघं?" मी विचारलं.

"मला काहीच नाही म्हणाले," नाना म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.